पट्टी खाली घे!

घट्ट आणि सैल यातला फरक अख्ख्या वाळूज एमआयडीसीत माझ्याइतका कुणाला कळत नाही. हे मी म्हणत नाही, माझं प्रमोशनचं पत्र म्हणतं! बारा वर्षं मी एका कंपनीत क्वालिटीला आहे. बोल्ट किती आवळलाय ते मी नुसता हात लावून सांगतो, आणि मग टॉर्क रेंच लावून समोरच्याला पटवून देतो. सैल गोष्ट मला खपतच नाही. माझी बायको तनुजा मला लोणच्याची बरणी बंद करू देत नाही. एकदा केली होती. ते लोणचं अजून आत आहे.

अशा माणसानं इलेक्ट्रिक गिटार घेतली तर ती सुरात वाजणारच, असा माझा हिशोब होता. तार म्हणजे तरी काय? लांबलचक बोल्ट! मोबाइलवर बघून बघून मी तीन वर्षांत बऱ्यापैकी शिकलो. बऱ्यापैकी म्हणजे, बोटं ज्या जागी ठेवायची सवय झालीय त्या जागी ठेवली तर उत्तम वाजवतो. दुसऱ्या जागी ठेवायला सांगू नका.

तर आमच्या प्रेस शॉपचे फोरमन मुख्तारभाई रिटायर होणार होते. आमच्या कंपनीत एक रीत आहे. कुणीही रिटायर झालं की कॅन्टीनमध्ये निरोपसमारंभ होतो आणि त्यात मुख्तारभाई गातात. गाणं त्यांचं स्वतःचं, अर्धं मराठी, अर्धं दखनी:

'कार्ड पंच झालं माझं, गेट खोलो भाई,
डबा रिकामा, दिल भरेला, चलते हैं अब भाई.'

कागदावर काही विशेष वाटत नाही, मान्य. पण शेवटचा 'भाई' ते असा उंच नेतात, असा उंच नेतात, की पत्र्याखाली बसलेली पाखरं उडतात आणि खाली बसलेली माणसं रडतात. हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळे रडलेत. मी स्वतः एका अशा माणसासाठी रडलोय, ज्याच्याशी माझं सहा वर्षं भांडण होतं!

आता स्वतःच्या निरोपाला ते स्वतःच गाणार होते. आणि घरच्यांना बोलावणं फक्त आपल्या माणसाच्या निरोपाला असतं, त्यामुळं त्यांच्या पत्नी नजमाभाभी त्यांचं कंपनीतलं गाणं पहिल्यांदाच ऐकणार होत्या.

"एकतीस वर्षं घरी सांगतोय, माझ्या गाण्यानं लोक रडतात," मुख्तारभाई कॅन्टीनमध्ये मला म्हणाले. "नजमा म्हणती, रडत असतील बिचारे, दारं बंद असतील! सुदर्शन, एकदा तिला दिसू दे बाबा. मला घड्याळ नको, शाल नको. फक्त तेवढं दिसू दे."

माझा ऊर भरून आला. "मुख्तारभाई, गिटार मी वाजवतो!" मी म्हणालो आणि उत्साहानं समजावायलाच लागलो. हातात माझी नेहमीची फूटभर स्टीलची स्केल होती. आम्ही क्वालिटीवाले ती जेवतानाच काय ती खाली ठेवतो. "तुमचा शेवटचा 'भाई' असा वर जाणार, आणि माझी गिटार अशी खालून वर, अशी खालून वर..."

मुख्तारभाई खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरकले. हनुवटी वर करून, अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "सुदर्शन, पट्टी जरा खाली घे बाबा. गळ्याला लागायली."

माझे हात गळूनच पडले.

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पट्टी म्हणजे गाणाऱ्यानं कुठल्या सुरात गायचं ती जागा. मुख्तारभाई एकतीस वर्षं हार्मोनियमच्या पांढरी तीनमधून गातात. आणि आज हा माणूस मला म्हणतोय, पट्टी खाली घे, गळ्याला लागतंय! गळा गेला होता त्यांचा. आणि ऐन स्वतःच्या निरोपाच्या तोंडावर!

"घेतली असंच समजा," मी कसंबसं म्हणालो.

"हां, आता लई बरं वाटलं," ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले. किती धीराचा माणूस! मी ठरवलं, या विषयावर त्यांना पुन्हा एक शब्द विचारायचा नाही. कुणाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवू नये.

पांढरी तीनवरून पांढरी एक. म्हणजे चार पायऱ्या खाली. आता एखाद्या खऱ्या गिटारवाल्यानं बोटांच्या जागा बदलल्या असत्या आणि काम भागवलं असतं. पण माझ्या बोटांची अडचण मी वर सांगितलीच आहे. म्हणून मी बोटं तिथंच ठेवली आणि गिटारच खाली आणली. सहाही खुंट्या फिरवून सगळ्या तारा चार-चार पायऱ्या उतरवल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मुद्दाम सैल केलं होतं.

वाजवून बघितलं. जाड तार 'धंऽऽ' म्हणायच्या ऐवजी 'खर्रर्र' म्हणाली. सैल झालेली तार जागच्या जागी हलत नाही, झोके घेते आणि दांड्यावरच्या पट्ट्यांना आपटते. बरं, मी जोर लावून दाबावी, तर सैल तारेचा सूर दाबल्यावर आणखी वर चढतो. मी जितका घट्ट धरी, तितकी ती बेसूर होई!

तनुजा दारात येऊन उभी राहिली. "अहो, गिटारला दोरी कधीपासून बांधली? धुणं वाळत घालू का?"

"मुख्तारभाईंचा गळा गेलाय," मी गंभीरपणे म्हणालो.

"म्हणून तुम्ही गिटारचा पण घालवला?"

मी दुर्लक्ष केलं. आवाज अंगानं कमी पडतोय ना, मग अंग वाढवू, असा विचार करून मी अँपवरचं, म्हणजे गिटारच्या स्पीकरवरचं, बेसचं बटण पूर्ण फिरवलं आणि खरखर ज्यानं वाढते तेही बटण पूर्ण फिरवलं. खरखरीत खरखर मिसळली की ओळखू येत नाही, असं माझं शास्त्र होतं. समोरच्या फ्लॅटमधले तात्यासाहेब बाहेर येऊन विचारून गेले, की बोअर मारताय का, किती फुटांवर पाणी लागलं.

मंगळवारी साडेतीनला कॅन्टीनमध्ये तालीम ठरली. मी आधीच पोचलो. कॅन्टीन रिकामं. समारंभाचे मोठे स्पीकर येऊन पडले होते, घरून आणलेल्या अँपमधून त्यांनाच गिटार जोडली. कॅन्टीन आणि प्रेस शॉप यांच्यामध्ये एकच भिंत आहे. पलीकडं त्या दिवशी फक्त तीन नंबरची प्रेस चालू होती आणि तिथंच मुख्तारभाईंची ड्यूटी संपत आली होती. ते येईपर्यंत हात साफ करावा म्हणून मी गाणं सुरू केलं.

'घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र-घॉंव!'

आता पलीकडं काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. आमच्या मेंटेनन्सचा पुंजाराम हा कानाचा माणूस. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि आत काय बिघडलंय ते सांगतो. त्याचा शब्द म्हणजे शब्द. त्यानं माझी पहिली ओळ ऐकली आणि ओरडला, "थांबवा, थांबवा! तीन नंबरचं बेअरिंग गेलंय!"

प्रेस बंद केली. मी दुसरी ओळ सुरू केली.

मशीन बंद, आवाज चालू! पुंजाराम प्रेसभोवती तीनदा फिरला. जाड आवाजाची एक खोड असते, तो कुठून येतोय ते कानाला कळत नाही. सगळीकडूनच येतोय असं वाटतं. त्यात वरचा पत्रा थरथरायला लागला. पुंजारामनं जमिनीला स्क्रू ड्रायव्हर लावला, कान लावला, आणि पांढराफटक पडून म्हणाला, "सायब, ह्ये बेअरिंग नाय. पाया हलायलाय!"

सायरन वाजला.

सायरन मलाही ऐकू आला. नियम म्हणजे नियम. मी वायर काढली आणि गिटार गळ्यात घेऊन सगळ्यांबरोबर मैदानात जाऊन शिस्तीत रांगेत उभा राहिलो. चारशे माणसं उन्हात उभी. प्लांट हेड राजकुमार सर घामाघूम.

"नेमका आवाज कसा होता?" त्यांनी विचारलं.

"असा," पुंजाराम म्हणाला, आणि त्यानं तोंडानं आवाज काढून दाखवला. "घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र-घॉंव!"

काय सांगू, माणसाचा कान खरोखर तयार होता. त्यानं तो आवाज तालासुरात काढला! दुसऱ्यांदा काढला तेव्हा रांगेतल्या दोघांचे पाय ताल धरू लागले. मुख्तारभाईंची मान हळूच डोलली. मग थांबली. मग ती सावकाश माझ्याकडं वळली. आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या गिटारीकडं.

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण पाया पक्का होता!

"सर," मुख्तारभाई शांतपणे म्हणाले, "शेड माझी आहे. मी बघितलं. काय नाय. हवेच्या लाइनीत पाणी साठलं व्हतं, गेलं निघून."

एकतीस वर्षांत ते पहिल्यांदाच खोटं बोलले असतील. आवाजाच्या चौकशीचा रिपोर्ट क्वालिटीकडं आला, म्हणजे माझ्याकडं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'पुन्हा आढळला नाही.'

सगळे आत गेल्यावर मुख्तारभाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण अवघडले होते. "सुदर्शन, तुला... असंच जमतंय का? इतक्या खाली?"

"हो हो, मला असंच जमतं!" मी घाईनं म्हणालो. त्यांच्या गळ्यासाठी मी एवढं केलं हे बोलून दाखवायचं नव्हतं. "मला काही त्रास नाही. तुम्हाला चालेल ना?"

"चालंल की. तुला जमतंय तिथं मी गातो," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. त्या नजरेत मला कृतज्ञता दिसली. ती दया होती हे कळायला आणखी चार दिवस जायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी गिटार आणि अँप घेऊन शहरात, औरंगपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तारेला नुसतं टिचकावलं आणि विचारलं, "भाऊ, पायजमा सैल झाला तर नाडी आवळायची का लाऊडस्पीकर लावायचा? खालचा सूर पायजे तर तार जाड लागती. ती खाली उतरवून पण ताठ राहती." त्यानं जाड तारा चढवल्या आणि अँपची दोन्ही बटणं निम्म्याच्या खाली आणून ठेवली. आणि खरंच, आवाज भारदस्त झाला, तरी एकेक सूर वेगळा ऐकू येत होता. तारांना हात लावला, तर घट्ट! मला भरून आलं.

शनिवारी समारंभ. कॅन्टीन खच्चून भरलेलं. पहिल्या रांगेत नजमाभाभी, शेजारी त्यांची मुलगी गजाला. भाभी हाताची घडी घालून बसल्या होत्या, आमच्या ऑडिटला बाहेरचे लोक बसतात तशा.

मी सुरुवात केली. गिटार अशी घुमली की पुंजारामनंही मान डोलवली. मुख्तारभाईंनी तोंड उघडलं.

काही ऐकूच येईना. इतक्या खाली त्यांचा आवाज पोचतच नव्हता. 'कार्ड पंच झालं' कसंबसं समजलं, 'गेट खोलो' म्हणताना नुसती हवा आली. लोक एकमेकांकडं बघू लागले. मागून पुंजाराम ओरडला, "माइक बघा रे! आवाज येईना!" माइक ठीक होता. भाभींनी गजालाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गजालानं तोंडावर ओढणी धरली. शेवटची ओळ जवळ येत होती. मला रडू यायला लागलं, पण ते वेगळं रडू होतं.

तेवढ्यात मुख्तारभाई थांबले. त्यांनी भाभींकडं बघितलं. मग माझ्याजवळ येऊन तारांवर हळूच पंजा ठेवला. गिटार गप्प झाली. माइक टेबलावर ठेवला, डोळे मिटले, आणि एकट्यानं गायले:

"डबा रिकामा, दिल भरेला, चलते हैं अब भाऽऽऽई..."

पांढरी तीन! पूर्ण, खणखणीत, पत्र्याला भिडणारी! पाखरं उडाली. राजकुमार सरांनी चष्मा काढला. पुंजाराम हुंदके द्यायला लागला. चारशे माणसं रडत होती, दारं सताड उघडी होती, आणि भाभी हाताची घडी सोडून ओढणीनं डोळे पुसत होत्या.

चहाच्या वेळी मी धावतच गेलो. "मुख्तारभाई, गळ्याला फार त्रास नाही ना झाला?"

"गळ्याला? माझ्या गळ्याला काय झालंय?"

"तुम्हीच म्हणाला होता ना! पट्टी खाली घे, गळ्याला लागायली म्हणून!"

मुख्तारभाईंनी माझ्या खिशातली स्टीलची स्केल काढली आणि तिचं टोक माझ्या हनुवटीखाली टेकवलं.

"ही पट्टी, येड्या! ही! बोलता बोलता नरड्यात घालायलास म्हणून म्हणलं, खाली घे! आन् मला वाटलं, तुला बिचाऱ्याला तेवढ्याच खालचं येतंय. पोराचं मन कशाला मोडा, म्हणून चार दिवस घरी खाली गायची प्रॅक्टिस केली. नजमा विचारायली, दमा झाला का म्हणून!"

मी स्केल परत घेतली आणि खिशात खाली, अगदी खालपर्यंत घातली. विषय बदलावा म्हणून भाभींकडं वळलो. त्यांचे डोळे अजून ओले होते.

"भाभी, बघितलं ना? रडतात की नाही लोक?"

"रोना तो आया, सच्ची बोलरी मैं," भाभी म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या गिटारीकडं एकदा नीट बघितलं. "पर गाने से आया, कि वो बंद हुआ उसकी खुशी में आया, वो घर जाके सोचती."