डाव्या बैलाचं फेल्ट

नवऱ्यानं बायकोच्या कामात हात घालू नये, आणि घातलाच तर त्या हातात कात्री तरी नसावी, हे कल्याणला आता चांगलं कळलं आहे. त्या दिवशी मात्र कळलेलं नव्हतं. त्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, “फेल्टच कापायचंय ना? मी कापतो. तू जा बिनधास्त.”

तृप्तीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. यापूर्वी तो असाच बिनधास्त म्हणाला होता तेव्हा घरातल्या मिक्सरचं झाकण छताला जाऊन लागलं होतं. पण तिच्यापुढं इलाज नव्हता. संध्याकाळी पाच वाजता कंपनीची गाडी दारात येणार होती, आणि बैलांचे डबे न् घुंगरं अजून बाजारातून आणायची होती.

बैल म्हणजे लाकडी बैल. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून तृप्ती सागाच्या ठोकळ्यातून ते घडवायची, तेही जोडीनं. एक डावा, एक उजवा. प्रत्येकाच्या पायाखाली अर्ध्या पानाच्या आकाराची पाटी, आणि दोघं शेजारीशेजारी उभे केले की दोन पाट्या जुळून अख्खं विड्याचं पान व्हायचं. पहिली दोन वर्षं शेजारपाजारचे “लाकडं तासत बसते” एवढंच म्हणायचे. मग कल्याणनं ऑफिसात फुशारकी मारली. तो एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत डिस्पॅच क्लार्क. साहेबांना जोडी आवडली आणि यंदा विक्रेत्यांच्या मेळाव्यात नेहमीच्या कॅसरोलऐवजी लाकडी बैलजोड्या द्यायच्या असं ठरलं. बारा जोड्या! तृप्तीची पहिली मोठी ऑर्डर.

अट एकच. खाली फेल्ट पाहिजे. साहेबांच्या घरी कोणीतरी दिलेल्या भेटवस्तूनं काचेच्या टीपॉयवर ओरखडा काढला होता, आणि त्यावरून साहेबांच्या मिसेसनी साहेबांवर ओरखडे काढले होते. तेव्हापासून साहेब कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायचे.

तृप्तीनं लांबून मागवलेली फेल्टची गुंडाळी त्याच्यासमोर पसरली. एका बाजूनं हिरवं, मऊ, लोकरी कापड. दुसऱ्या बाजूला गोंद आणि त्यावर गुळगुळीत कागद.

“एकेक बैल यावर उभा करायचा, कडेनं आखायचं, कापायचं. पण आखायचं कागदाच्या बाजूनं. हिरव्या बाजूनं न्हाई.”

“का बरं?”

“सांगत बसले तर दुकान बंद होईल. कागदाच्या बाजूनं. ध्यानात राहील?”

“बिलकुल,” कल्याण म्हणाला. (हा शब्द त्याच्या तोंडून आला की ऑफिसातले लोक सावध होतात.)

ती गेली. घरात उरले कल्याण, चोवीस बैल आणि सासरे. सासरे म्हणजे रामराव, त्याच सकाळी एसटीनं हसनाबादहून आलेले. उद्याच्या मेळाव्यात होणारा लेकीचा सत्कार बघायला आले होते खरे, पण आल्याआल्या त्यांनी पाणी प्यायच्या आधी विचारलं होतं, “जावईबापू, आपला हिरवा कोट हाय ना?”

“हाय की, मामा. कपाटात.”

“उद्या ष्टेजवर त्योच घालायचा. सगळ्या भावकीत सांगून आल्तो मी.”

हा कोट रामरावांनी लग्नात जावयासाठी शिवून घेतला होता. कापडही त्यांनीच निवडलं होतं, पावसानंतरच्या ज्वारीच्या रंगाचं, जाडजूड, लोकरीचं, आतून लाल अस्तर. वरातीत घोड्यानं दोनदा मान वळवून त्या कोटाची बाही हुंगली होती असं सांगणारे लोक अजून हयात आहेत. त्या दिवसानंतर कल्याणनं तो कोट घातला नव्हता. तरी त्यानं सासऱ्यांना शब्द दिला, आणि सासरे बाहेरच्या खोलीत आडवे झाले आणि घोरू लागले.

कल्याणनं पहिला बैल कागदावर उभा केला. पेन्सिल सटकली. पुन्हा आखलं, पुन्हा सटकली. तेव्हा त्याच्यातला क्लार्क जागा झाला. इतकी वर्षं नोकरी केली, पण पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं कधी कोणी मंजूर केल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं. सुलटी बाजू असताना माणसानं उलट्या बाजूवर का लिहावं? त्यानं फेल्ट पालथं केलं, शिंप्याचा खडू घेतला आणि हिरव्या बाजूवर झोकात आखणी केली. शिवाय डिस्पॅचचा माणूस, म्हणून प्रत्येक बैलाच्या शेपटीला नंबराची चिठ्ठी बांधली आणि फेल्टच्या तुकड्यावरही तोच नंबर टाकला. एक डावा, एक उजवा, दोन डावा, दोन उजवा. चोवीस तुकडे कापून झाले तेव्हा आपण उगाच नोकरीत आयुष्य घालवलं असं त्याला वाटून गेलं.

कागद सोलण्याआधी त्यानं ‘एक डावा’ उचलला आणि एक नंबरच्या डाव्या बैलाखाली धरला. बसेना. टोक एकीकडे, पाटीचा फुगवटा दुसरीकडे. फिरवला. तरी बसेना. ‘एक उजवा’ उजव्याला लावून बघितला, तोही बसेना. दोन डावा, पाच उजवा, नऊ डावा. ज्याचा त्याला लावला तरी एकही बसेना! हिरवी बाजू खाली आणि गोंद वर केला की प्रत्येक तुकडा उलटा होत होता. म्हणून ती कागदाच्या बाजूनं म्हणाली होती. गुंडाळीत आता नुसती कातरणं उरली होती.

त्यानं ऑफिसातल्या मच्छिंद्रला फोन लावला, अगदी हळू आवाजात.

“मच्छिंद्र, फेल्टवाचून बैल चालतील का रे?”

“पागल झाला का? साहेब आत्ताच म्हणून राह्यले, फेल्ट नसलं तर गाडी रिकामी परत आणा, आपले कॅसरोल बरे. गाडी निघाली बी.”

“निघाली?”

“घरात काही हिरवं, जाड न्हाई का? खाली चिकटवायचं, कोण बघतंय?”

हिरवं, जाड. कल्याणची नजर कपाटाकडे गेली आणि तिथंच थांबली. तृप्तीचे आठ महिने त्या बैलांत गेले होते, हाताला घट्टे पडले होते, आणि ते सगळं आपल्या एका खडूनं बुडणार होतं. दुसरीकडे सासरे, भावकी आणि कोट. त्यानं दीर्घ विचार केला (साधारण एक श्वासभर). स्टेजवर माणसाची पुढची बाजू दिसते. पाठ कोणाला दिसते?

त्यानं कोट पलंगावर पालथा घातला, अस्तराची खालची शिवण उसवली आणि पाठीच्या कापडावर, या खेपेला शहाण्यासारखं आतल्या बाजूनं, बॉलपेननं आखलं. नंबरही टाकले. एक डावा. कात्री चालली तेव्हा बाहेरचं घोरणं त्याला स्वतःच्या छातीच्या ठोक्यासारखं ऐकू येत होतं. एक उजवा. दोन डावा. दोन उजवा कापून होतो न होतो तोच घोरणं थांबलं.

“जावईबापू?”

पावलं आत येऊ लागली. कोट लपवायला जागा नव्हती. कल्याणनं तुकडे खिशात कोंबले आणि कोट अंगात चढवला.

“आरं वा! घालून बी पाह्यला!” दारात रामराव उभे होते. “बराबर बसला की. जरा वळा बरं मागं, खांद्यात बघू.”

“खांदा पुढूनच चांगला दिसतो, मामा.”

“वळा वो. शिंप्याला शिव्या द्यायच्या का न्हाई ते ठरवू द्या.”

“मोठ्या माणसाला पाठ दाखवू न्हाई, मामा. आमच्या घरात तशी रीत हाय.”

रामरावांना हे इतकं आवडलं की त्यांचे डोळे भरून आले. “ह्याला म्हणतात संस्कार,” ते म्हणाले आणि आणखी पुढं आले. कल्याण मागं सरकला. ते डावीकडून आले, तो उजवीकडं फिरला. मे महिना, लोकरीचा कोट, पंखा बंद (तुकडे उडू नयेत म्हणून). घाम भुवयांवरून खाली उतरत होता. मागं सरकत सरकत तो स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला, आणि त्याच दारातून त्याच्या पाठीमागं घुंगरांचा आवाज आला. मग एकदम बंद झाला.

तृप्ती परसदारानं आली होती. तिच्यासमोर नवऱ्याची पाठ होती, आणि त्या हिरव्या पाठीतल्या अर्ध्या पानाच्या आकाराच्या चार खिडक्यांतून लाल अस्तर तिच्याकडे बघत होतं.

कल्याणनं डोळे मिटले.

“आबा,” तृप्ती अगदी शांतपणे म्हणाली, “फाटकावर जाऊन गाडी आली का बघता का जरा? जल्दी.”

रामराव गेले. कल्याणनं एका दमात सगळं सांगितलं. उलटं कापलं, एकही बसत नाही, गाडी निघाली, मी तुझं वाटोळं केलं. तृप्तीनं टेबलावरचा ‘एक डावा’ उचलला आणि एक नंबरच्या उजव्या बैलाखाली धरला. चपखल बसला. ‘एक उजवा’ डाव्याला. तोही बसला.

“बैल जोडीनं असतात,” ती म्हणाली. “उलटं कापलं तर डाव्याचं उजव्याला होतं. उजव्याला लावून बघितलं न्हाई का तुम्ही?”

“त्यावर डावा लिहिलं होतं,” कल्याण म्हणाला.

“कोणी लिहिलं होतं?”

ती कागद सोलत गेली, तो बैल धरत गेला, आणि गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा चोवीसच्या चोवीस बैल हिरव्या पायांनी डब्यात बसलेले होते. कल्याणला रडू येईल असं वाटलं, इतकं त्याला हायसं वाटलं. मग त्याला कोट आठवला.

“आबांना कळता कामा नये,” तृप्ती म्हणाली. शिंपी गावाला गेला होता. तिनं चारही तुकडे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं जागच्या जागी बसवले, शिवण घातली आणि बजावलं, “उद्या कोणाला पाठ करू नका. आणि घाम येऊ देऊ नका.”

जालन्यात, मे महिन्यात.

मेळावा थाटात झाला. प्रत्येक विक्रेत्यानं बैल उलटा करून फेल्टवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. साहेबांनी तृप्तीचा सत्कार केला, पुढच्या वर्षी दुप्पट जोड्या असं माईकवर जाहीर केलं. टाळ्यांमध्ये तिचा चेहरा असा उजळला की कल्याण आपला घाम विसरून गेला. तेवढ्यात साहेब म्हणाले, “आणि यांच्या पाठीशी उभा राहणारा नवरा, कल्याणराव, या!”

तो खेकड्यासारखा आडवा चालत स्टेजवर गेला. पहिल्या रांगेत रामराव शेजारच्याला कोट दाखवत होते. साहेबांनी त्याला जवळ ओढलं आणि मायेनं पाठ थोपटली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काहीतरी सुटलं आणि साहेबांच्या बुटाशी पडलं.

साहेबांनी तो हिरवा तुकडा उचलला. सवयीप्रमाणे उलटा केला. चष्मा नाकावर घेतला आणि माईकसमोर मोठ्यानं वाचलं.

“एक डावा.”

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. “हा कोणाचा बैल?”

पहिल्या रांगेत रामराव अभिमानानं उठून उभे राहिले.

“आमचाच हाय, साहेब,” ते म्हणाले. “झूल बी आमीच शिवलीय!”