घराखालची बंदिस्ती

आमचं क्वार्टर खांबांवर उभं होतं. मुळशीच्या पावसाला घाबरून कुणा इंजिनिअरने जंगलखात्याच्या कारकुनासाठी (म्हणजे माझ्यासाठी) बांधलेलं ते लाकडी घर छातीएवढ्या दगडी खांबांवर नेऊन ठेवलं होतं. पाणी खालून निघून जावं, एवढाच हेतू. पावसाळ्यात पाणी जाई. उन्हाळ्यात मात्र त्या गार सावलीत शेजारच्या बायजाच्या शेळ्या येऊन बसत आणि त्यांच्या पिसवा जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून वर आमच्या गादीत मुक्कामाला येत.

"आता एक तर या घरात पिसवा राहतील, नाहीतर मी," एका रविवारी हिने जाहीर केलं.

मी (थोडा विचार करून) पिसवांच्या विरुद्ध निकाल दिला. घराखाली चारी बाजूंनी लाकडी रिपांची चौकट उभी करायची आणि तिला फळ्या ठोकायच्या, की शेळ्यांचा प्रश्न मिटला. सुतार लग्नसराईत गुंतलेला, तेव्हा म्हटलं, मीच करतो.

"तुम्ही?" ही म्हणाली. (मी दुरुस्त केलेली खुर्ची तेव्हा भिंतीला टेकून उभी होती. टेकल्याशिवाय ती उभी राहत नसे.)

पण चौकट झकास झाली. फळ्या ठोकायला घेतल्या तेव्हा डोक्यात आलं, बाहेरून ठोकल्या तर खिळ्यांची डोकी दिसणार, शोभा जाणार. म्हणून मी आत वाकून बसलो आणि एकेक फळी आतून ठोकत चाललो. हात असा बसला होता, की जेवायची हाकही ऐकू आली नाही. शेवटच्या फळीचा शेवटचा खिळा बसला आणि एकदम अंधारून आलं.

"अगं, वाळवण आत घे! आभाळ आलंय!" मी ओरडलो.

वर हिची पावलं धावली. "कुठलं आभाळ? ऊन रणरणतंय! आणि तुम्ही आहात कुठे?"

"खाली!"

पावलं पायऱ्या उतरली. "खाली तर कुठेच दिसत नाही!"

"आत आहे!"

पावलं पायऱ्या चढली. "आतही नाही!"

"अगं, आत म्हणजे खाली!"

"काय ते एकदा ठरवा!"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी फळी ढकलून पाहिली; पण ती चौकटीच्या आतल्या अंगाला होती, त्यामुळे ढकलावी तशी आणखी घट्ट बसे. जन्मात पहिल्यांदाच माझं काम मजबूत झालं होतं. पक्कड बाहेर पायरीवर होती. मी डोकं धरून बसलो, तेवढ्यात मानेवर कुणीतरी गरम श्वास सोडला.

"अगं, इथे माझ्याबरोबर कुणीतरी आहे!"

"कोण?" हिचा आवाज बदलला.

मी चाचपून पाहिलं. "दाढी आहे."

हिने किंकाळी फोडली. ती ऐकून बायजा धावत आली.

"बाई, माजी शेळी बगितली का कुटं? व्यायला झालीया, कवापासनं हुडकतीया!"

आतून शेळी ओरडली. पाठोपाठ मी.

"आगं बया, आत हाय! सायेब, तिला हुसकू नगा. पाय दिसत्यात का?"

वरच्या फटींतून आलेल्या उजेडात मी पाहिलं. "चार आहेत."

"तिचं न्हाई वो, पिल्लाचं!"

"दोन. आणि एक नाक." मी जवळ सरकलो. "काय करू? ओढू?"

"वढू नगा! नुसतं खाली हात धरून बसा. भायेर आलं की नाकातोंडावरचं पुसा, न्हाईतर गुदमरंल!"

"कशाने पुसू?"

"अंगात काय हाय?"

"सदरा."

"मंग?"

"तो नवा आहे हो!" ही बाहेरून ओरडली, पण तोवर माझ्या मांडीवर काहीतरी ओलं, गरम येऊन पडलं होतं आणि हालत नव्हतं. मी सदऱ्याने पुसत राहिलो, पुसतच राहिलो. शेवटी ते शिंकलं.

"काय झालं? बोला ना!" ही फळीवर थापा मारत होती. बोलेपर्यंत दुसरं आलं.

बायजाच्या हाका ऐकून तिचा नवरा म्हसू पहार घेऊन माळावरून धावत आला. पहार लागलीच नाही. बाहेरून नुसता खांदा लावताच फळी आत पडली (माझ्या पायावर). मग बायजाने दोन्ही करडं बाहेर काढली, शेळी काढली, आणि सगळे त्यांच्याभोवती बसले. बऱ्याच वेळाने म्हसू म्हणाला, "सायेब हायेत न्हवं आजून आत?"

मी रांगत बाहेर आलो, तर ही करडू मांडीवर घेऊन बसलेली. "बाळंतीण आहे हो," ती बायजाला म्हणत होती, "राहू दे चार दिवस इथेच. बंदिस्त आहे, वारा लागणार नाही."

संध्याकाळी म्हसूने पडलेल्या फळीचं दार केलं.

"बाई, कडी भायेरनं लावू का आतनं?" त्याने विचारलं.

हिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"दोन्हीकडून लाव," ती म्हणाली. "रविवारी हे घरी असतात."