टायपिंगच्या कव्हरातलं व्हायोलिन

"आई, ते 'टायपिंगचे वीस धडे' मी काल समोरच्या टायपिंगबाईंना देऊन टाकले," भाजी निवडता निवडता सून म्हणाली आणि आजींच्या हातातला निम्मा चहा बशीत सांडला.

सून ग्रंथपाल होती. सुट्टी मिळाली की तिचे हात शिवशिवत. काल तिने रेकॉर्डींचं जुनं कपाट काढलं आणि कव्हरांवरची नावं वाचून अर्ध्या तासात लावून टाकलं. आत काय आहे हे पाहायची तिला गरज वाटली नाही. चारचौघांच्या घरी कव्हरावर जे लिहिलेलं असतं, तेच आत असतं.

या घरात तसं नव्हतं, आणि त्याला कारण आजींचे धाकटे दीर. तरुणपणी भाऊजी येत, कपाटासमोर मांडी घालून बसत आणि जाताना एक रेकॉर्ड काखेत मारत. "आठ दिवसांत आणतो, वहिनी!" त्यांचे आठ दिवस सहा-सहा महिने चालत. म्हणून आजोबांनी पहिल्या पगारातून आणलेली व्हायोलिनची रेकॉर्ड आजींनी टायपिंगच्या धड्यांच्या कव्हरात सरकवली. आतली धड्यांची रेकॉर्ड गेली माळ्यावर. भाऊजींनी विचारलंच, तेव्हा आजी बोलून गेल्या, "फुटली ती. मागच्या वेळी तुम्ही आणून दिलीत, तेव्हाच तिला तडा होता."

त्यानंतर चाळीस वर्षांत भाऊजींनी या घरातून एकही रेकॉर्ड मागितली नाही. आजींना आधी हायसं वाटलं, मग वाईट वाटलं आणि मग सांगायचं राहूनच गेलं. दुपारी घर रिकामं झालं की त्या ती रेकॉर्ड लावत आणि आजोबा शेजारच्या खुर्चीत आहेत असं समजून ऐकत. आणि आज नेमके भाऊजी चार दिवस राहायला आलेले, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेले.

"अगं, पण दिलेस कशाला?" आजी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"त्यांची रेकॉर्ड झिजली होती. वर्गात लावतात, मुलींना ताल यावा म्हणून."

"मला हवेत ते धडे."

"टायपिंग? आता?"

"बोटं आखडलीत माझी!"

बाहेरून वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. "वहिनी, चला, मीही येतो. तेवढेच पाय मोकळे होतील."

"नको हो, तुमचा गुडघा!"

"गुडघ्यासाठीच तर डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

आजी अशा सुटल्या की सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांनी भर रस्त्यात दिराला मागे टाकलं. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि व्हायोलिन पहिल्याच जिन्यात ऐकू येत होतं. दम खायला थांबलेल्या आजींना भाऊजींनी गाठलं. दोघं एकदमच दारात पोहोचले. आत सहा मुली सहा यंत्रांवर तुटून पडल्या होत्या.

"या, आजी!" टायपिंगबाई उठल्या. "अहो, आत धडे नव्हतेच. पण मुलींचा वेग बघा कसा वाढलाय!"

भाऊजी मान तिरकी करून ऐकत होते. "वहिनी, ही तीच ना?"

आजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भाऊजी तिथेच होते. "हो."

"फुटली नव्हती?"

"नाही. मी खोटं बोलले."

"म्हणजे मी फोडली नाही?"

"नाही हो."

भाऊजी स्टुलावर बसले. आता काय काय ऐकावं लागणार म्हणून आजींनी दाराची चौकट धरली.

"हुश्श!" भाऊजी म्हणाले. "अहो, दादाच्या पहिल्या पगाराची वस्तू माझ्या हातून गेली म्हणून चाळीस वर्षं तुमच्या कपाटाकडे मान वर करून पाहिलं नाही मी!"

"मग रागवा तरी!"

"कोणत्या तोंडाने रागावू? भरपाई म्हणून तेव्हाच तश्शीच नवी रेकॉर्ड आणली होती. म्हटलं, द्यायच्या आधी एकदा ऐकावी."

"मग?"

"अजून ऐकतोय."

आजींना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"म्हणजे दोन आहेत!" टायपिंगबाई खुलल्या. "मग ही इथेच राहू दे."

"ही नाही!" दोघं एकदम ओरडले.

"तुम्हाला माझी आणून देतो," भाऊजी म्हणाले.

"पण दोन्ही सारख्याच ना?"

"शू!" भाऊजींनी बोट वर केलं. व्हायोलिन चढत चढत वर गेलं, सुई अडखळली, तेच तीन सूर पुन्हा वाजले आणि गाडी पुढे निघाली. सहाही मुलींची बोटं एकदम चुकली.

"दादाने सुई पाडली होती ती इथे," भाऊजी म्हणाले. "माझ्या रेकॉर्डीत ही उडी नाही. तिथे आलं की मी आपला ते तीन सूर तोंडाने म्हणून घेतो."

आजी एक रिकामं स्टूल ओढून दिराशेजारी बसल्या.

"बाई, जरा उलटी करता का?" त्या म्हणाल्या. "त्यांनी त्या बाजूला सुई दोनदा पाडली होती."