देवाला दिलेला पत्ता

आईची बदली दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात झाली आणि घर बदलायचं ठरलं, तेव्हापासून छोटीने भोकाड पसरलं होतं. पप्पा दर रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबलच्या गोष्टी सांगत. तेव्हा समजूत घालायचं काम ओघानेच त्यांच्याकडे आलं.

"अब्राहामालासुद्धा देवाने घर सोडायला सांगितलं होतं," पप्पा म्हणाले. "कुठे जायचंय हेही त्याला ठाऊक नव्हतं. तरी तो निघाला."

छोटी रडायची थांबली. "आपल्याला तरी माहितीये का?"

"माहितीये ना. आणि देव आपल्याबरोबर येणारच आहे."

"त्याला पत्ता दिलाय?"

देवाला पत्ता लागत नाही, हे पप्पांनी परोपरीने सांगून पाहिलं. छोटी बधली नाही. शेवटी सामान ट्रकमध्ये चढल्यावर, ट्रकच्या मागे उभं राहून प्रार्थना करायचं ठरलं. ड्रायव्हरनेही टोपी काढली.

"प्रभू येशू," छोटी डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणाली, "आम्ही चाललो. सात नंबरची इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. चुकू नकोस."

"आमेन," पप्पा म्हणाले. पोरगी सावरली, या आनंदात डावं-उजवं त्यांच्या कानात शिरलंच नाही.

जुन्या घराच्या किल्ल्या परत करून तिघं मागाहून पोहोचली. उजवीकडचं दार उघडलं, तर आत फक्त भिंती. खाली ट्रकचा पत्ता नाही.

"गेलं सगळं," पप्पा मटकन जमिनीवर बसले.

"अब्राहामाकडे कुठे कपाट होतं?" छोटीने त्यांची पाठ थोपटली. आईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते पप्पांना कळलं नाही.

एवढ्यात समोरचं दार उघडलं. आत त्यांच्याच सोफ्यावर एक आजीबाई ऐसपैस बसल्या होत्या, आणि ड्रायव्हर पप्पांचं घड्याळ भिंतीवर टांगत होता.

"मुलाने पाठवलंय," आजीबाई कौतुकाने म्हणाल्या. "सोफा पाठवतो म्हणाला होता. पण कपाट, पलंग, शिवणयंत्र... गुणाचा आहे हो."

पप्पांनी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "मी उजवीकडचं दार सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत, साहेब. पण नंतर पोरगी देवाला डावीकडचं म्हणाली आणि तुम्ही वर आमेन म्हणालात. म्हटलं, देवापुढे ठरलं तेच पक्कं."

आजीबाईंना खरं सांगताना पप्पांची जीभ अडखळली. त्या क्षणभर हिरमुसल्या, मग स्वतःच उठून उशा उचलू लागल्या. ट्रक मागच्या गल्लीत लावून ड्रायव्हर एकटाच थांबला होता, हमाल निघून गेले होते. मग वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका आले, त्यांच्या जुळ्या मुली आल्या, खालची शिकवणीवाली ताई आली. पलंग जिन्यापाशी अडकला, तेव्हा अख्खी इमारत सल्ला द्यायला जमली. कुणाची ओळख करून घ्यायची राहिली नाही.

संध्याकाळी सामान लागलं, पण छोटी दिसेना. नवी जागा, परकी माणसं. कुठेतरी कोपऱ्यात मुसमुसत असेल, म्हणून पप्पांनी मनातल्या मनात अब्राहामाची पुढची गोष्ट जुळवली. समोरच्या घरात ती जुळ्या मुलींबरोबर आजीबाईंच्या जुन्या बटणांचा ढीग रंगांप्रमाणे लावत बसली होती.

"बाळा, तुला एक गोष्ट सांगू?" पप्पांनी दारातूनच हळुवार विचारलं.

"पप्पा, तुम्ही घरी जा. मी येते."

पप्पा उंबरा ओलांडून आत आले. "घरी म्हणजे... कुठे?"

छोटीने मान वर न करताच समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. "ते काय. विसरलात?"