करीमभाईंचं नाक

तीन वर्षांपूर्वी मी एका मुलीचा इंग्लंडमधला अभ्यास बादलीत ओतला आणि त्याने व्हरांडा पुसून काढला. तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. वर जन्मभर नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवलेलं. टेबलावर पट्टी आपटून पोरांना सांगायचे, “आधी लेबल वाचा, मग बूच उघडा.” हल्ली हेच वाक्य नात मला ऐकवते, हातात चष्मा देऊन.

पण हा गाढवपणा कळायचा, तर आधी करीमभाईंचं नाक कळायला हवं.

करीमभाई आमच्या गल्लीतले फिनाईलवाले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फिनाईल बनवायचं, कॅन भरायच्या आणि सायकलवरून दवाखाने, शाळा, हॉटेलं गाठायची. माणूस भेटला की लोक आधी नमस्कार करतात, करीमभाई आधी हुंगायचे. “बाई, काल मेथी केली. आज वरण, पण हिंग जुना हाय.” हिंग खरंच जुना असायचा. एकदा पोस्टमन वळणावर दिसायच्या आधीच म्हणाले, “शादीतून येऊन राहिला. गुलाबपाणी.” आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, “डोळे फसतील, कान फसतील. हे नाक न्हाई.”

बायको, रझिया, लवकर गेली. मुलीला, निलोफरला, त्यांनी एकट्याने वाढवलं. पोरगी त्या शेडमध्येच लहानाची मोठी झाली. निवृत्तीनंतर मी घरी शिकवण्या घ्यायचे, तेव्हा तिने विचारलं होतं, “आजी, फिनाईल पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं का होतं?” मी म्हटलं, “ते अभ्यासक्रमात नाही. खाली बस.” मला उत्तर येत नव्हतं, हे आज कबूल करते.

अकरावी-बारावीला ती लातूरला क्लासेसना गेली. तिथे पोरगं स्टँडवर उतरायच्या आधीच त्याचं डॉक्टर होणं ठरलेलं असतं. करीमभाई दर महिन्याला पाच लिटरची कॅन घेऊन एसटीने लातूर गाठायचे. मुलींच्या हॉस्टेलात पुरुषांना मनाई, म्हणून बाहेरच्या पायऱ्या पुसून परत यायचे. एकदा अहमदपूरच्या अलीकडे कॅनचं झाकण उडालं. कंडक्टर भडकला, तर हे म्हणतात, “साहेब, चिडू नका. गाडी साफ होऊन राहिली.”

बारावीनंतर पोरीने मेडिकल नको म्हटलं. शिष्यवृत्ती मिळवली आणि इंग्लंडला निघाली. रसायनशास्त्र आणि व्यवसाय, दोन्ही एकाच पदवीत. गल्लीला ते पचेना. मी तर तोंडावर म्हटलं, “अगं, एक काहीतरी धड शीक.” करीमभाई मात्र लई खूष. “आधी बनवायचं, मग विकायचं. मी बी तेच करून राहिलो तीस साल. मला डिग्री कोणी दिली न्हाई, एवढंच.”

ती गेल्यावर वर्षभरात करीमभाईंना मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर त्यांनी एक नवीनच चाल सुरू केली. दर रविवारी खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत फिनाईलचा नमुना आणून माझ्या खिडकीत ठेवायचे आणि ओरडायचे, “बाई, ठेवलं हाय. वास घेऊन सांगा!” मी सांगायचे, लिंबू जास्त झालं, कापूर कमी पडला. मनात फुगायचे, विज्ञानाच्या बाईंना केवढा मान देतो माणूस!

एक दिवस माझं दूध करपलं, घरभर वास. हे दारात उभे राहून म्हणतात, “वा बाई, बासुंदी का?” मी भर गल्लीत म्हटलं, “करीमभाई, पोरीबरोबर नाकही इंग्लंडला पाठवलं का?” सगळे हसले. तेही हसले, जरा उशिरा.

आणि मग तो रविवार. मी आंघोळीत होते. बाहेरून हाक आली, “बाई, ठेवलं हाय. वास घेऊन सांगा! अर्ध्या घंट्यात येतो.” येऊन बघते तर खिडकीत एवढीशी तपकिरी बाटली. वर बारीक अक्षरं, चष्मा देवघरात. म्हटलं, करीमभाई कंजूष झाले, आणि अख्खी बाटली बादलीत रिकामी करून फरशी पुसली.

पाच मिनिटांत गल्ली माझ्या दारात. विष्णुपुरीच्या धरणापर्यंत वास गेला असेल! मग घातला चष्मा. लेबलवर इंग्रजीत निलोफरचं नाव, कॉलेजचं नाव, आणि खाली मराठीत, ‘अब्बा, दोनच थेंब.’

करीमभाई आले. मी रिकामी बाटली पुढे केली. ते पायरीवर बसले.

“पोरीचा परीक्षेचा नमुना हाय. नवीन खुशबू बनवायची, अन् ती विकायची कशी तेबी लिहायचं. सुट्टीला आलेल्या मैत्रिणीबरोबर पाठवली. आता फोन करंल. म्हणते, अब्बा, तुमचं नाक सांगंल तेच फायनल.”

“मग घ्या की वास! अख्खी फरशी आहे.”

“बाई, त्या तापात नाक गेलं. काहीच येत न्हाई. पोरीला सांगितलं न्हाई, सगळं सोडून परत येईल. वर्षभर तुमच्याच नाकावर फिनाईल विकून राहिलो.”

बासुंदीच्या विनोदावर ते उशिरा का हसले, ते आता कळलं.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक निरीक्षण मन लावून केलं. “आधी लिंबाची साल. नखाने ओरबाडल्यावर येते तशी. मग मोगरा. दुकानातला नाही, रझिया होती तेव्हा तुमच्या घरून यायचा तसा. आणि फरशी वाळत आली की… करीमभाई, तुमची शेड. दुपारी पत्रा तापल्यावरची. कमी काही नाही.”

त्यांच्या हातातला फोन वाजू लागला. पडद्यावर निलोफर. त्यांनी तो लगेच उचलला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले,

“बाई, परत एकदा सांगा. सावकाश. पोरीला माझ्या तोंडून सांगायचं हाय.”