तक्रार करील त्याला बाटली

जव्हार संस्थान होते तोवर बाईच्या पोटात दुखते की नाही, हे सासू ठरवीत असे. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, लोकशाही आली, आणि तो अधिकार नवऱ्याकडे गेला. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच.

गोदीचे पोट मात्र दोन्ही राजवटींत होते तसेच राहिले. कधी कळा मारून शेताकडे पळवी, कधी दगडासारखे गच्च होई. त्यातून नवऱ्याने जवळ ओढले की नेमकी कळ उठे. नवसू तिला आवडत नव्हता असे मुळीच नाही. कचेरीत पट्टेवाला असला तरी घरी हसरा होता, आणि त्याचा हात अंगावर पडावा असे तिलाही वाटे. पण त्याच घडीला पोट गुडगुडले तर? या लाजेपायी ती सासूशेजारी चुलीपाशी निजू लागली.

"दुसरी कर बाबा," सासू हौशी म्हणाली. "ही धाड दाभोशाला, बापाकडं."

गोदीने हे चुलीपाशी ऐकले. माहेरी परत जाणे म्हणजे जन्मभर भावजयीची बोलणी खाणे! पण नवसू म्हणाला, "आये, नवा कायदा हाय. दुसरी केली तर माझा पट्टा जाईल." तेव्हा पहिलीच दुरुस्त करून घ्यावी, असे सर्वानुमते ठरले. सर्वांत गोदी नव्हती.

मोखाड्याच्या बाजारात फिरता दवाखाना आला होता. 'स्त्रियांसाठी खास सोय' अशी पाटी होती. सोय म्हणजे एक पडदा. पडद्याआड गोदी बसली, पडद्यापुढे नवसू, आणि डॉक्टरसाहेबांनी गोदीची तपासणी नवसूपासून सुरू केली.

"भाकरी थापते?"

"थापते साहेब."

"पाणी भरते? नाचणी लावते?"

"सगळा करते."

"मग बाईची प्रकृती उत्तम आहे. तक्रार कोणाची?"

नवसू लाजला. "माझीच म्हनायची. ती चुलीपाशी निजते."

"साहेब, माझ्या पोटात..." पडद्याआडून गोदी म्हणाली.

"बाई, मध्ये बोलू नका. रुग्णाशी बोलणे चालू आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी शक्तिवर्धक काढ्याची बाटली नवसूच्या हाती ठेवली.

काढा अस्सल निघाला. नवसूला उत्साह आला आणि गोदीच्या कळा वाढल्या. पुढच्या बाजारी साहेबांनी विचारले, "गुण आला?"

"मला आला, तिला नाय."

"मग दुप्पट घ्या."

दुप्पट घेतला मात्र, भर कचेरीत मामलेदारांसमोर नवसूच्या पोटात कळ उठली. तो जो पळाला तो थेट ओढ्यावर. आणि काय सांगावे, सरकार हलले! रजा मंजूर झाली. हौशीने मऊ भात केला. डॉक्टरसाहेब स्वतः घरी आले, पोट चाचपून पाहिले, दुखण्याला लांबलचक नाव दिले आणि सक्त ताकीद केली: कळ आहे तोवर बायकोने जवळ जाऊ नये, रुग्णाला त्रास होतो.

'अगो बाय! म्हणजे अक्कल होती साहेबाकडं,' गोदी मनात म्हणाली. तिला हसूही येईना आणि रडूही.

दुपारी पोट दाबून पडलेल्या नवसूने तिच्याकडे पाहिले. "गोदे, तुला पन असाच होतं का गं?"

लग्न झाल्यापासून हे तिला कोणी विचारले नव्हते. ती त्याच्या उशाशी बसली. "सांगू का, पयल्यांदा दुखला ना, तवा..."

तेवढ्यात कचेरीतली मंडळी दारात आली. "नवसूचं पोट कसं आहे?" सगळ्यांनी एकदम विचारले. गोदी चहा ठेवायला उठली.

वाचकहो, तुमच्याही ओठांवर तेच आले असेल. नवसू बरा झाला. आणखी काही विचारायचे होते का?