एकशे बारा लाल पट्ट्या

"यंदाचा मेळावा असा करून दाखवतो, की बाईंना एक फोनसुद्धा करावा लागणार नाही!" असं चिटणिसांनी भर सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी चिटणीस जे चढले, ते मेळाव्याच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत उतरले नाहीत.

नदीकाठची बाग सांभाळणारी ही संस्था बाईंनीच काढलेली. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि मग सगळा जीव त्यांनी या बागेत ओतला. चार महिन्यांपूर्वी त्या घरात घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि कारभार चिटणिसांच्या गळ्यात आला. चिटणिसांचा जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. झाडांच्या त्यांना दोनच जाती ठाऊक, एक हिरवी आणि दुसरी वाळलेली! पण बाईंना त्रास होऊ नये ही त्यांची कळकळ मात्र खरी होती. "बाईंना कोणीही फोन करून पिडायचं नाही," असा फतवाच त्यांनी काढला, आणि एरवी एकही नियम न पाळणाऱ्या सभासदांनी तो इमानेइतबारे पाळला.

मेळाव्याची सुरुवात दरवर्षी तण काढण्याने होते. आधी तासभर सगळ्यांनी वाकायचं, मग चहा, मग भाषणं. कुठलं उपटायचं ते बाई काठीने दाखवायच्या. यंदा ते कोण दाखवणार, या काळजीने चिटणीस आदल्या दिवशी पाहणीला गेले. बघतात तर काय, पाण्याच्या कडेला गुडघाभर उंचीची रोपं, आणि प्रत्येकाला लाल कापडाची पट्टी बांधलेली!

चिटणिसांना गहिवरून आलं. छापखान्यात तीस वर्षं लाल खूण म्हणजे चूक, काढून टाका! बाईंनी अंथरुणावरून माळ्याकडून आपल्यासाठी खुणा करून घेतल्या! घरी येऊन त्यांनी बायकोला हे ओल्या आवाजात सांगितलं.

"बाईंना एकदा विचारा तरी," बायको म्हणाली.

"त्यांनी इतकं स्वच्छ सांगितल्यावर परत काय विचारायचं?"

"मग माळ्याला विचारा."

"त्याला मी उद्याची सुट्टी दिलीय. गावाला गेला तो. वर्षभर राबतो बिचारा!"

बायकोने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी चिटणिसांना वेळेवर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी चाळीस सभासद जमले. चिटणिसांनी दोन तुकड्या पाडल्या. एकीचे पुढारी निवृत्त फौजदार, दुसरीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. जास्त तण उपटणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी कोरी झारी!

"लाल पट्टी दिसली की उपटा! एकही सुटता कामा नये!"

माणसं नुसती तुटून पडली. फौजदार एकेका रोपाचं मानगूट धरून त्याला बाहेर ओढत होते. पलीकडून डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, "मुळासकट काढा हो! मूळ आत राहिलं की परत ठणकतं!"

मध्येच फौजदार थबकले. "चिटणीस, हे तण एका ओळीत, बरोबर दीड-दीड हातावर कसं काय उगवलं?"

"का? तणाला शिस्त नसावी की काय?"

सगळे पोट धरून हसले. चिटणीससुद्धा हसले. त्या हसण्याची आठवण झाली की आजही ते बसल्या जागी डोळे मिटून घेतात.

अकराला भाचीला सोबत घेऊन, वॉकर टेकत टेकत बाई आल्या. चार महिन्यांत केवढ्याशा झाल्या होत्या! चिटणीस धावतच पुढे गेले. "बाई, तुमची एकही खूण सोडली नाही! एकशे बारा मोजून काढली!"

बाईंनी ढिगाकडे पाहिलं. मग नदीच्या उघड्या काठाकडे पाहिलं. भाचीने पटकन खुर्ची पुढे केली.

"चिटणीस," त्या हळूच म्हणाल्या, "लाल पट्टी म्हणजे हात लावायचा नाही. तण काढताना चुकून यांना धक्का लागू नये म्हणून बांधली होती."

हातातले चहाचे कप पटापट खाली आले.

काठ धरून ठेवणारी झाडं होती ती. बाईंनी घरच्या गॅलरीत बियांपासून चार वर्षं वाढवलेली. पडण्याच्या आदल्याच आठवड्यात माळ्याला हाताशी धरून लावली होती, आणि आज सगळ्यांना दाखवायची होती.

मग जी धावपळ उडाली! फौजदार गुडघ्यावर बसून खड्डे उकरायला लागले. डॉक्टरीणबाई तुटकी मुळं हातात घेऊन रडवेल्या झाल्या. मेळाव्याच्या अध्यक्षांनी भाषणाचा कागद चिखलात टाकून एक रोप लावलं, तेही मुळं वर आणि शेंडा खाली! बाई खुर्चीतून सांगत होत्या, "खोल घ्या. अजून. आता दाबा." ऊन चढत होतं आणि पानं माना टाकत होती.

चिटणीस त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात कोपरापर्यंत बरबटलेले. "बाई, माझं चुकलं. एक फोन केला असता तर... पण तुम्हाला त्रास नको म्हणून सगळ्यांनाच बजावून ठेवलं होतं मी."

"असं होय! तुम्ही बजावलं होतं!" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, विसरली सगळी. चार महिने फोन उशाशी घेऊन बसले होते हो मी."

चिटणिसांना रोपांचं वाईट वाटतच होतं. हे ऐकून मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोपं निदान पुन्हा खड्ड्यात ठेवता तरी येत होती.

निघताना बाईंनी बक्षिसाची झारी मागून घेतली आणि चिटणिसांच्या हातात दिली. "सगळ्यात जास्त तुम्हीच उपटलीत. रोज पाणी घाला, आणि संध्याकाळी मला फोन करून सांगा कोण जगलं ते."

तेव्हापासून चिटणिसांचा नेम चुकला नाही. पहिल्या आठवड्यात साठ वाळली, दुसऱ्यात चाळीस. रोज फोन लावताना त्यांचा आवाज आत आत जायचा, आणि बाई नुसतं "बरं" म्हणायच्या. महिन्याअखेर सात उरली. त्यातल्या एकाने मात्र काय उभारी धरली! रोज वीतभर वाढ! त्या संध्याकाळी चिटणीस महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"बाई, हे एक बाकीच्या सगळ्यांची कसर भरून काढणार! पानं अशी कातरलेली, आणि कालपासून पिवळी फुलंसुद्धा आलीत!"

बाईंनी फुलाच्या पाकळ्या मोजायला लावल्या.

"चिटणीस, ते तण आहे."

चिटणिसांनी झारी खाली ठेवली. मग चाचरत म्हणाले, "मग... उपटू का?"

"आज नको," बाई म्हणाल्या. "उद्या फोन करून विचारा."